हलव्याची वाटी

काट्यावर चढण्याआधी जुईने चपला काढल्या, मग स्वेटर काढला, केसांतल्या दोन्ही पिना काढून माझ्या हातात दिल्या आणि शेवटी गळ्यातली मण्यांची माळसुद्धा काढली. मागच्या खेपेला मीच तिला तसं शिकवलं होतं. पिनांचं वजन ते काय असणार, पण बुडत्याला काडीचा आधार. काट्यावर उभी राहून तिने पोट आत ओढलं, श्वास कोंडून धरला आणि डॉक्टरांकडे बघून हसली.

डॉ. बर्गे हसल्या नाहीत. त्यांनी काटा दोनदा बघितला.

"कमी व्हायचं सोडून वाढलंय, पोतदार बाई," त्या म्हणाल्या.

जुई तेव्हा अकरा वर्षांची होती. जन्मतःच डाऊन सिंड्रोम. बोलायची थोडं, समजायचं मात्र त्याहून पुष्कळ. नाव ठेवलं तेव्हा खरोखरच ओंजळीत मावेल एवढी होती, पण सात-आठ वर्षांची झाली आणि जी सुटायला लागली ती थांबेचना. आमच्या आळीतल्या बायका म्हणायच्या, "नाव जुई आणि घेर वडाचा." मीही त्यांच्याबरोबर हसायची. आपण हसलो नाही तर लोक जास्त हसतात, हे मला लवकर कळलं होतं.

पण आता हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नव्हती. झोपेत तिचा श्वास अडायचा. घोरता घोरता एकदम सगळं शांत व्हायचं आणि मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. टॉन्सिल आणि नाकामागची गाठ काढायला हवी होती, साताऱ्यात ते ऑपरेशन होतही होतं. अडलं होतं ते वजनावर.

"भूल देणारे डॉक्टर तयार नाहीत," बर्गे बाई म्हणाल्या. "एवढ्या वजनात, एवढ्याशा गळ्यात नळी घालायची म्हणजे धोका आहे. आणि ऑपरेशन लांबवलं तर हिची रोजची झोप हाच धोका. मला पाच-सहा किलो उतरवून द्या, मी लगेच तारीख देते. थायरॉइड तपासला, तो ठीक आहे. म्हणजे राहिलं खाणं. घरात हिला खायला कोण देतं?"

"मीच देते," मी म्हणाले. "आणि हात राखून देते. सकाळी बिनसाखरेचं दूध आणि भाकरी. दुपारी भाजी, आमटी, मूठभर भात. संध्याकाळी काकडी नाहीतर पेरू. तळलेलं नाही, बिस्किटं नाहीत. गोडाचं तर नावच नाही."

हे सगळं खरं होतं. मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

"मग दुसरं कुणीतरी देतंय," त्या म्हणाल्या. "शोधून काढा."

रिक्षा राजवाड्यापाशी येईपर्यंत मी शोधून काढलंसुद्धा. आमच्या घरात माणसं चार. मी देत नव्हते. हे सकाळी सराफाच्या पेढीवर कामाला जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. राहिल्या सासूबाई. म्हाताऱ्या माणसाचा जीव, नातीवर माया, आणि उशाशी राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा. आणखी पुरावा कशाला हवा?

घरात पाऊल टाकलं ते तशीच त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्या खिडकीशी बसून जरीचा धागा गुंडाळत होत्या.

"आई, तुम्ही जुईला काय देता?"

"काय देणार? देवळातनं आले की खडीसाखर ठेवायचे हातावर. तू नको म्हणालीस, त्या दिवसापास्नं तीपण नाही."

"मग हिचं वजन काय हवेवर वाढतं?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"कळत नाही तर देऊ नका. अशी चोरून माया केलीत ना, तर एक दिवस ही पोर झोपेतून उठायची नाही. मग बसा लाडू कुरवाळत."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. लग्न होऊन मी आले तेव्हापासून त्या मला कधी उणा शब्द बोलल्या नव्हत्या, आणि माझी जीभ तर पहिल्यापासूनच तिखट. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, उशाचा डबा आणला आणि माझ्या हातात दिला.

"हा ठेव तुझ्याकडं. कुलूप लाव." मग थोडं थांबून म्हणाल्या, "रोहिणी, एक सांगू का?"

"आता काही सांगू नका," मी म्हणाले.

त्या दिवसापासून जुई समोर असली तर त्या घासही तोंडात घालेनात. ती शाळेत गेली की मग जेवायच्या, नाहीतर तोवर उपाशी. मला वाटलं, चला, औषध लागू पडलं.

त्यानंतर मी जुईच्या शाळेतही जाऊन भांडले. विशेष मुलांची शाळा ती. कुणाच्या आईची पुण्यतिथी असो, कुणाच्या मुलाचा वाढदिवस असो, लोक जिलेबीचे पुडे घेऊन तिथे हजर व्हायचे. दोन घास या मुलांच्या पोटात गेले की आपल्याला पुण्य लागलं अशी त्यांची समजूत. मी बाईंना म्हटलं, तुमच्या पुण्याच्या पायी माझी पोर जायची. बाई बिचाऱ्या भल्या होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून जुईच्या ताटलीत फक्त केळ्याची फोड ठेवायला सुरुवात केली आणि मला तसं रोज सांगत राहिल्या.

एवढं होईतो मार्गशीर्ष लागला होता आणि माझा हंगाम सुरू झाला होता.

मी हलव्याचे दागिने करायची. पोतदारांच्या घरात सोन्याचं काम पिढ्यानपिढ्या, पण माझ्या वाट्याला साखरेचं आलं. संक्रांतीला नव्या नवरीला काळ्या साडीवर आणि तान्ह्या बाळाला बोरन्हाणाला काळ्या झबल्यावर जे पांढरे दागिने घालतात, ते साताऱ्यात पोतदारणीकडूनच घ्यायचे असा बोलबाला होता. पहाटेच्या थंडीत शेगडीवर परात ठेवायची, तिच्यात खसखस नाहीतर साबुदाणा, वरून चमचा चमचा पाक, आणि बोटांनी सारखं फिरवत राहायचं. बोटांची टोकं भाजून निघतात, पण तेव्हा कुठे दाण्याला काटा फुटतो. मग पुठ्ठा, काळं कापड, जर, आणि त्यावर एकेक दाणा. तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, कंबरपट्टा, बाळकृष्णाची बासरी आणि मुकुट. मुकुट ही माझी खासियत. सासऱ्यांच्या जुन्या नक्ष्या मी साखरेत उतरवायची आणि लोक सोन्याकडे बघावं तसे बघायचे.

घरात पोत्याने साखर यायची. पण आमच्या बोलण्यात हलवा हा खायचा पदार्थ नव्हताच. तो माल होता. माल सुकत घातलाय, माल सादळला, माल संपत आला. कुंभाराच्या घरी मडक्याला कुणी भांडं म्हणत नसेल तसंच असावं ते.

त्या दिवशी दुपारी बेल वाजली. जुई शाळेतून येऊन माझ्याशेजारी बसली होती. बेल ऐकली आणि ती उठली, आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि तिने हात पुढे केला. ज्या दाण्यांनी काटा धरला नव्हता त्यांची एक वाटी मी कोपऱ्यात ठेवलेली असायची. ती मी तिच्या हातात दिली.

"निवडत बस हं. मोठे वेगळे, बारीक वेगळे. आवाज नाही."

जुईने ओठांवर बोट ठेवलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. फार गुणी पोर. बाकीच्या आया रडायच्या की आमचं मूल ऐकत नाही, हट्ट करतं, पाहुण्यांसमोर लाज आणतं. मी ह्यांना म्हणायची, आपल्या जुईला कधी दोनदा सांगावं लागलं नाही.

आलेल्या निकम बाई होत्या, पोवई नाक्यावरच्या. मोठं गिऱ्हाईक. नवी सून बरोबर आणली होती, पल्लवी नावाची, लाजरी आणि फार गोड. मी मुकुट काढला.

"मान जरा खाली," मी तिला म्हटलं. "डोळे मिट, जरीचा तुकडा जाईल डोळ्यात."

तिने मान झुकवली, डोळे मिटले. मी मुकुट बसवून मागे नाडी बांधली आणि हनुवटीला बोट लावून तिचा चेहरा वर केला. हे मी प्रत्येक मुलीला करायची. त्या क्षणी कशीही मुलगी सुंदर दिसते. निकम बाईंनी तिथल्या तिथे तिची दृष्ट काढली.

तेवढ्यात आतून घरघर ऐकू आली. जुई जागेपणीही तोंडाने श्वास घ्यायची.

"आत कोण आहे?" निकम बाईंनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले. "मांजर असेल."

खिडकीशी सासूबाई जर गुंडाळत होत्या. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

निकम बाईंनी आगाऊ पैसे दिले, आणखी दोन घरं सांगते म्हणाल्या आणि गेल्या. जिन्यावरचे पाय वाजायचे थांबले तसा आतून आवाज आला.

"गेले?"

"गेले. ये आता बाहेर."

ती आली. वाटी रिकामी होती. ती धुऊन मी पुन्हा कोपऱ्यात ठेवली, कारण संध्याकाळी आणखी दोघी यायच्या होत्या.

असा तो महिना गेला. डॉक्टरांकडे पुन्हा गेलो तेव्हा काटा आणखी थोडा वर सरकला होता. बर्गे बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी घरातल्या सगळ्यांना घेऊन या. मला सगळ्यांशी बोलायचंय."

संक्रांत दोन दिवसांवर असताना आम्ही गेलो. ह्यांना पेढीवरून सुट्टी मिळाली नाही. सासूबाई आल्या, धुवट लुगडं नेसून, एखाद्या आरोपीला कोर्टात आणावं तशा माझ्या मागे मागे. त्यांना तिथे बसवल्यावर मला आतून बरंच वाटलं, हेही सांगून टाकते. म्हटलं, आता डॉक्टरांच्या तोंडून ऐकतील.

बर्गे बाईंनी त्यांनाच आधी विचारलं, "आजी, तुम्ही देता का नातीला काही?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"शपथेवर सांगा ना," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पोरीची शपथ मी घेत नाही. तिलाच विचारा."

डॉक्टर जुईकडे वळल्या. जुई त्यांच्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसून पाय हलवत होती. "जुई, तुला खाऊ कोण देतं गं?"

जुईने माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"लाजते," मी म्हणाले.

मग डॉक्टरांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. बोटांची टोकं लाल होऊन सोललेली होती. "हे काय करून घेतलंत?"

"हलवा करते मी. दागिन्यांचा."

"असं?" त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा जुईकडे बघितलं. "म्हणजे घरात साखरच साखर."

"तो माल आहे हो," मी म्हणाले. "तो कुणी खात नाही."

खोटं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. खरंच वाटलं नाही.

त्याच वेळी दारावर टकटक झाली आणि एक तरुण बाई कडेवर बाळ घेऊन आत डोकावली. "डॉक्टर, रिपोर्ट आणलाय."

जुई खुर्चीवरून उतरली. कुणी काही सांगितलं नव्हतं. खोलीत एका बाजूला तपासायचं टेबल होतं आणि त्याला हिरवा पडदा. ती सरळ तिकडे गेली, पडद्याच्या मागे झाली आणि पडदा नीट ओढून घेतला. खालून तिचे दोन पाय दिसत होते, जुळवून ठेवलेले. मग पडद्याच्या फटीतून तिचा हात बाहेर आला. तळवा वर केलेला. तो तसाच थांबला.

बाळ घेऊन आलेली बाई त्या हाताकडे बघत होती. डॉक्टर बघत होत्या. मीही बघत होते, आणि तो हात माझ्याकडे काय मागतो आहे हे त्या खोलीत फक्त मला आणि सासूबाईंना कळलं होतं.

"खेळती ती असं," सासूबाई म्हणाल्या. "घरीपण खेळती, डाक्टरीणबाई. सवय आहे तिची."

ज्या बाईला मी महिनाभर चोर ठरवलं, ती माझ्यासाठी खोटं बोलली.

"मी नंतर येते," म्हणत ती तरुण बाई निघून गेली. दार लागलं. पडद्यामागून आवाज आला, "गेले?"

डॉक्टरांनी उठून हळूच पडदा सारला. जुईने त्यांनाही बोट ओठांवर ठेवून दाखवलं, त्यांनी आवाज करू नये म्हणून. मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या.

"पोतदार बाई?"

"ती खेळत नाही," मी म्हणाले.

आणि मग मी सांगितलं. बेल वाजली की आत जायचं, दार लोटायचं, आवाज करायचा नाही, आणि त्याबद्दल वाटी मिळायची. हंगामात दिवसातून कितीदा तरी. हंगाम नसला तर पाहुणे आले की चिवडा नाहीतर शेंगदाणे, पण वाटी असायचीच. घरात नव्या नवऱ्या यायच्या, बाळंतिणी यायच्या, शुभकार्याची माणसं. त्यांना कसं वाटेल म्हणून. बोलताना मला सासूबाईंकडे बघवेना, म्हणून मी जुईच्या पिनांकडे बघत बोलले. काट्यावर चढताना काढलेल्या त्या माझ्या तळहातावर होत्या.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला, हिला आत ठेवा म्हणून?" डॉक्टरांनी विचारलं.

मी आठवून बघितलं. फार आठवलं. एखादी खवचट म्हातारी, एखादी सासू, एखादं वाक्य. कुणीतरी असायला हवं होतं.

"कुणी नाही," मी म्हणाले.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "वजन उतरेल आता," आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

बाहेर आल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्हाला माहीत होतं. मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगत होते की. तू म्हणालीस, आता काही सांगू नका." त्यांनी जुईच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. "आणि मी सांगून काय होणार बाई? तू तिची आई. मी आपली मांजराची आजी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. भाजी महाग झाली असं सांगावं तशा त्या बोलल्या आणि जुईचा हात धरून पुढे चालायला लागल्या. मी मागे राहिले.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. जुई उठली आणि आतल्या दाराशी जाऊन तिने हात पुढे केला. मी म्हटलं, "जुई, आज आत नाही जायचं. इथे बस, माझ्याजवळ." तिला ते पटेना. तिने दुसरा हात पुढे केला. मग ती रडली, मोठ्याने, पाय आपटून. पाहुणे दारात असताना आयुष्यात पहिल्यांदा रडली. मी तिला मांडीशी घट्ट धरून बसवलं आणि दार सासूबाईंनी उघडलं.

आलेल्या बाईने जुईला बघितलं, "ही तुमची का?" म्हणून विचारलं, आणि तन्मणी दाखवा म्हणाली. एवढंच. त्या संक्रांतीला कितीजणी आल्या आणि गेल्या, जुई समोर बसलेली असताना. एकही गिऱ्हाईक परत गेलं नाही. एखादं जरी गेलं असतं, तरी मला स्वतःला सांगायला काहीतरी राहिलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर अख्ख्या गावाला चोर ठरवून आले होते.

वाटी मी माळ्यावर टाकली. लाडवांचा डबा सासूबाईंच्या उशाशी परत ठेवला, त्यांनी तो उघडला नाही. त्या रोज संध्याकाळी जुईला घेऊन मंगळवार तळ्यापर्यंत जायला लागल्या, मग राजवाड्यापर्यंत. आधी जुई चार पावलांत बसायची. पुढे भाजीवाल्या तिला नावाने हाक मारायला लागल्या तशी ती चालायला लागली. वजन उतरलं. हळूहळू उतरलं, पण चैत्र लागला तेव्हा बर्गे बाईंनी तारीख दिली.

ऑपरेशन नीट झालं, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. जुई आज चांगली मोठी झालीय आणि शांत झोपते. त्या सकाळचं मला जे आठवतं ते ऑपरेशनच्या आधीचं आहे.

जुईला रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं, पाणीसुद्धा नाही. तिला हिरवा झगा घातला होता. ती खाटेवर बसून आजीच्या बांगड्या मोजत होती, एक, दोन, चार, एक. तेवढ्यात नर्स आणि वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आत आले. अनोळखी माणसं. जुई खाटेवरून उतरली. इतक्या महिन्यांत घरी तिने हे सोडत आणलं होतं, पण तिथे ती सरळ कोपऱ्यातल्या कपाटाच्या आडोशाला गेली आणि तिथून तिचा हात बाहेर आला. तळवा वर.

त्या हातावर ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. त्या दिवशी तर एक दाणाही चालणार नव्हता. मी जाऊन तो हात माझ्या हातात घेतला. माझ्या बोटांना अजून खरखरीतपणा होता, तो तिने अंगठ्याने चाचपून बघितला.

"आत नाही जायचं, जुई," मी म्हटलं. "बाहेर यायचं."

"पाहुणे," ती कुजबुजली.

"हो, पाहुणे. तुझ्याकडे आलेत. तुलाच न्यायला आलेत."

तिने मान बाहेर काढून दोघांकडे नीट बघितलं. "माझ्याकडे?"

"तुझ्याकडे."

ती बाहेर आली. तिने झग्याच्या सुरकुत्या दोन्ही हातांनी सारख्या केल्या. नर्सच्या हातात केस झाकायची हिरवी कापडी टोपी होती. नर्स ती घालायला पुढे आली आणि काही म्हणायच्या आत जुईने मान झुकवली.

"मान जरा खाली," जुई स्वतःलाच हळू म्हणाली. "डोळे मिट."

आणि तिने डोळे मिटले. माझ्यासमोर शेकडो मुली बसल्या होत्या तशी, अगदी तशी ती उभी राहिली, टोपी डोक्यावर बसेपर्यंत हलली नाही, आणि मग हनुवटी थोडी पुढे करून थांबली, कुणीतरी बोट लावून तिचा चेहरा वर करेल म्हणून. घरातल्या त्या लोटलेल्या दाराला फट होती. मी कधी तिकडे बघितलं नव्हतं. साताऱ्यातल्या निम्म्या घरांतल्या लेकीसुनांना मी मुकुट घातले होते. हिचं बोरन्हाणसुद्धा पुढच्या वर्षी करू, पुढच्या वर्षी करू म्हणून राहून गेलं होतं.

मी तिच्या हनुवटीला बोट लावलं. ती डोळे उघडून हसली.

"किती शहाणी आहे हो," नर्स कौतुकाने म्हणाली. "कुणी शिकवलं हिला हे?"

मागे सासूबाई उभ्या होत्या. मी जुईचा हात धरून तिला स्ट्रेचरपाशी नेलं.